रात्रीच्या धुराचे मोजमाप कोण करणार?

महोदय,

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत (धातू ओतण्याच्या कारखान्यात) मी २२ वर्षे मोल्डर, म्हणजे वाळूचे साचे करणारा कामगार, होतो. त्या पगारावर माझे घर बांधले, दोन्ही मुली शिकल्या. त्यामुळे कारखाने बंद करा, असे मी कधीच म्हणणार नाही.

पण आता मच्छेजवळ राहतो आणि रात्री अकरानंतर खिडकी उघडता येत नाही. दिवसा फाउंड्रींचा धूर बेताचा असतो, खरा सुटतो तो रात्री. भट्टीतला कोक (कोळशाचे इंधन) जळल्याचा वास मी झोपेतही ओळखतो. पहाटे तुळशीच्या पानावर बोट फिरवले की काळे होते. ओतकाम झाल्यावर उरलेली काळी वाळू कुणीतरी रस्त्याकडेला ओतून जातो. ती वाऱ्याने उडते, पावसात शेतात उतरते. याच भागात आपला बासमती पिकतो! वाळूतल्या सिलिकाची धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही. माझ्या जोडीच्या दोघांना धाप लागून काम सोडावे लागले. नातवाला हिवाळाभर नेब्युलायझर लावतो आहोत.

केंद्राचा राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ मध्ये आला. त्यात कर्नाटकातून बंगळूर, हुबळी-धारवाड, दावणगेरे, कलबुर्गी आहेत, बेळगाव नाही. मग आमच्या हवेची दखल घ्यायची कुणी?

रात्री १० ते पहाटे ५ या वेळेत औद्योगिक वसाहतीलगत हवा मोजावी, आकडे मराठी-कन्नड दोन्ही भाषांत गावच्या फलकावर लावावेत, आणि वाळू नेणाऱ्या प्रत्येक गाडीची नोंद ठेवावी.

– एक निवृत्त मोल्डर, मच्छे (बेळगाव)