लक्सरची सहा मिनिटं

ती. आई-बाबांना सा. न.

२ ऑगस्ट २०२७ च्या खग्रास सूर्यग्रहणाला आपण चौदा जण, शक्यतो इजिप्तमधल्या लक्सरला, जायचं म्हणतोय. फोनवर तुकड्यातुकड्यांनी सांगितल्यामुळे तुमच्या शंका कमी होण्याऐवजी वाढल्या, म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहिते. तुम्ही दोघांनी यावं असं मला मनापासून वाटतं. पण आग्रहाखातर हो म्हणू नका, नीट वाचून ठरवा.

बाबा, "सहा मिनिटांसाठी एवढ्या लांब?" असं तुम्ही विचारलंत. खरं तर ही सहा मिनिटं आहेत म्हणूनच जायचं. बहुतेक खग्रास ग्रहणांत सूर्य पूर्ण झाकलेला असतो तो दोन-तीन मिनिटं. नीट बघायला सुरुवात करावी तोवर संपतं. २०२७ ला ही वेळ ६ मिनिटं २३ सेकंदांपर्यंत जाते. या शतकात याहून मोठं एकच, २२ जुलै २००९ चं, आणि त्याचा सर्वांत लांब भाग प्रशांत महासागरावर पडला होता. यापेक्षा मोठं पुढचं ग्रहण थेट २११४ साली. कारण असं की जुलैच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्यापासून सर्वांत लांब असते, त्यामुळे ऑगस्टच्या आरंभीही सूर्यबिंब थोडं लहान दिसतं. त्याच सुमारास चंद्र पृथ्वीच्या जवळ आलेला असेल, म्हणजे त्याचं बिंब मोठं. शिवाय सावली कर्कवृत्ताजवळ, भर दुपारी पडणार. तिथे सावली ज्या दिशेने धावते त्याच दिशेने पृथ्वीचा पृष्ठभागही वेगाने सरकत असतो, म्हणून सावलीला आपल्याला ओलांडून जायला जास्त वेळ लागतो.

तुम्हाला पंचांगातलं गणित आवडतं म्हणून हेही सांगते. ११ जुलै १९९१, २२ जुलै २००९ आणि २ ऑगस्ट २०२७ ही एकाच मालिकेतली ग्रहणं आहेत. दोघांमधलं अंतर १८ वर्षं, ११ दिवस आणि साधारण ८ तास. त्या जादा आठ तासांत पृथ्वी एक तृतीयांश फिरते, म्हणून जिथून खग्रास दिसतं तो पट्टा दर वेळी तेवढा पश्चिमेला सरकतो. १९९१ ला हवाई आणि मेक्सिको, २००९ ला भारत आणि चीन, आता उत्तर आफ्रिका आणि अरबस्तान.

आई, खंडग्रास ग्रहण तर खूप मोठ्या भागातून दिसतं, मग पट्ट्यातच का जायचं, हा तुझा प्रश्न अगदी योग्य आहे. ९९ टक्के सूर्य झाकला गेला तरी उरलेला एक टक्का पौर्णिमेच्या चंद्राच्या हजारो पट तेजस्वी असतो. प्रभाकिरीटाचं, म्हणजे सूर्याभोवतीच्या फिकट तेजोवलयाचं, तेज जेमतेम पौर्णिमेच्या चंद्राएवढं, त्यामुळे तो एक टक्काही त्याला पूर्ण पुसून टाकतो. दिवसा अंधार नाही, तारे नाहीत, चष्मा काढायची सोय नाही. म्हणून ठिकाण निवडताना पहिली अट हीच की आपण पट्ट्याच्या आत, आणि काठापासून चांगले दूर असलो पाहिजे. कैरो या पट्ट्याच्या बाहेर आहे, असवानही बाहेर. "इजिप्तमध्ये ग्रहण आहे" एवढ्यावर तिकिटं काढणारे फसतील ते इथेच.

आपल्यापुढे दोन पर्याय होते. एक दक्षिण स्पेनमधलं तारिफा आणि जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीचा परिसर. तिथे खग्रास साडेचार मिनिटांहून थोडं जास्त, वेळ सकाळची, सूर्य अर्ध्या आकाशापर्यंतही चढलेला नसेल, हवा सोसवणारी. पण सामुद्रधुनीत पूर्वेचा वारा सुटला की समुद्रावरून खालचे ढग आणि धुकं येतं, आणि ते आदल्या दिवसापर्यंत खात्रीने सांगता येत नाही. दुसरा पर्याय लक्सर. खग्रास जवळजवळ ६ मिनिटं २० सेकंद, ऑगस्टमध्ये आकाश बहुधा निरभ्र, पण दुपारचं तापमान ४० अंशांच्या वर. मी लक्सरच्या बाजूने आहे. उन्हावर उपाय करता येतात, ढगांवर नाही. पण तुमच्या डॉक्टरांनी उन्हाला नाही म्हटलं, तर तुम्ही दोघं आणि सोबतीला मी तारिफाला जायचं आणि बाकीच्यांनी लक्सरला. ही वाट मी खरोखर उघडी ठेवली आहे, तेव्हा डॉक्टरांपुढे काही लपवू नका.

लक्सरमध्ये आपण वाळवंटात कुठेही जाणार नाही. काही जणांचं म्हणणं आहे की बस करून पट्ट्याच्या मध्यरेषेवर जावं. तसं केलं तर तीन-चार सेकंद जास्त मिळतील, आणि त्या बदल्यात सावली नाही, स्वच्छतागृह नाही, परतीच्या रस्त्यावर कोंडी. हॉटेलच्या बागेतूनच बघायचं. लिफ्ट जवळ, खोलीत एसी, आणि कुणाला गरगरलं तर दोन मिनिटांत आत नेता येईल. सूर्य जवळजवळ डोक्यावर, क्षितिजापासून ८२ अंशांवर असणार, त्यामुळे मोकळ्या क्षितिजाची गरज नाही. ज्यांना सावली येताना पाहायची आहे त्यांनी गच्चीवर जावं. ती वायव्येकडून तासाला साधारण अडीच हजार किलोमीटर वेगाने येईल.

सूर्य डोक्यावर असण्याचा एक त्रास मात्र आधीच लक्षात घ्यायला हवा. त्या वेळी भिंतीची सावली जवळजवळ पडतच नाही. सावली हवी तर डोक्यावर छप्पर पाहिजे, आणि छपराखालून सूर्य दिसत नाही. म्हणून दोन जागा ठेवायच्या. एक मांडवाखाली, पंख्याजवळ. दुसरी तिथून पाच-सात पावलांवर उघड्यावर, पाठ पूर्ण मागे जाणाऱ्या आरामखुर्च्या मांडून. ग्रहणाचा स्पर्श झाल्यापासून खग्रास सुरू होईपर्यंत सव्वा तासाहून जास्त वेळ जातो. तो सगळा उन्हात काढायचं काहीच कारण नाही. दर पंधरा मिनिटांनी बाहेर येऊन चष्म्यातून अर्धा मिनिट बघायचं आणि परत मांडवात. खग्रासला पंधरा मिनिटं उरली की आरामखुर्चीत जाऊन आडवं व्हायचं. तोवर सूर्य तीन-चतुर्थांशाहून जास्त झाकलेला असेल आणि ऊन आपोआप मवाळ होईल. उभं राहून ८२ अंशांवर बघायचं म्हटलं तर मान दोन मिनिटांत भरून येते आणि चक्करही येते. बाबांच्या मानेला तर ते अजिबात चालणार नाही. आडवं झाल्यावर दृष्टी भिंगाच्या मधोमध राहते, त्यामुळे दोन नंबरांचा चष्मा असला तरी अडचण नाही. संपल्यावर मात्र झटकन उठू नका. आधी बसा, मिनिटभर थांबा, मग उभे राहा.

पाणी माणशी तासाला अर्धा लिटर धरलं आहे. साडेदहा ते साडेतीन असे पाच तास, म्हणजे चौदा जणांचे पस्तीस लिटर आणि वर दहा लिटर शिल्लक, त्यातलं निम्मं बर्फात. तहान लागायची वाट पाहायची नाही, उतारवयात तहान उशिरा कळते. ओआरएसची पाकिटं माझ्याकडे असतील. रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल तर त्या दिवशी मात्रा आणि वेळ काय ठेवायची, हे डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. स्वतःहून गोळी सोडू नका. औषधं हातातल्या बॅगेत, मूळ वेष्टनात, चिठ्ठीसह. ट्रॅमाडॉल असलेल्या वेदनाशामक गोळ्यांवर इजिप्तमध्ये फार कडक निर्बंध आहेत. गुडघ्यासाठी दिलेल्या गोळीत ते आहे का, हे आधी बघा. असेल तर दुसरी गोळी मागून घ्या. (ड्रोनही तिथे परवानगीशिवाय नेता येत नाही, ते मी मामाला वेगळं सांगते.)

आता डोळ्यांचं. चष्मे आयएसओ १२३१२-२ या मानकाचे. छापील शिक्का कुणीही मारू शकतो, म्हणून तपासणी स्वतः करायची. चष्मा लावून घरातला दिवा, खिडकी, मोबाइलचा पडदा, काहीही दिसता कामा नये. अगदी प्रखर दिवा जेमतेम ठिपक्यासारखा दिसला तर चालेल. मग विजेरीसमोर धरून ओरखडे आणि सुईएवढी छिद्रं बघायची. एक जरी दिसलं तरी तो चष्मा कात्रीने कापून टाकायचा, नाहीतर कुणीतरी तोच उचलतं. चौदा जणांना एकवीस चष्मे, दोन वेगवेगळ्या बॅगांत. तुमच्या नंबरच्या चष्म्यावर पुठ्ठ्याचा चष्मा घसरतो, म्हणून त्याला मागून इलॅस्टिक शिवून आणते. एक्स-रे फिल्म, काजळी धरलेली काच, साधा गॉगल, सीडी हे काहीही नको. दृष्टिपटलाला वेदना कळत नाही. इजा होताना काही जाणवत नाही, काही तासांनी मधोमध डाग दिसू लागतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या डोळ्यालाही हीच काळजी. आणि ग्रहणाचा चष्मा लावून दुर्बिणीतून कधीही बघायचं नाही. दुर्बीण ऊन एकवटते आणि चष्म्याचा पडदाच जाळते. फिल्टर लावायचा तर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर.

त्या दिवशी एकाच माणसाचा आवाज ऐकायचा. ते काम दादाकडे दिलं आहे. तो खग्रासच्या आधी दहा, पाच, दोन आणि एक मिनिटाला पुकारेल. शेवटची पाच मिनिटं चष्मा काढून मध्येच डोकावू नका. चष्म्याच्या अंधारात डोळे सरावतात आणि मग प्रभाकिरीटाच्या बाहेरच्या फिकट शलाकाही दिसतात. संमीलनाच्या क्षणी, म्हणजे सूर्य पूर्ण झाकला जाताना, चंद्राच्या काठावरच्या दऱ्यांतून प्रकाशाचे मणी चमकतील, मग एकच हिरा उरेल, आणि तो विझला की दादा म्हणेल "चष्मे काढा". त्यानंतर सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी बघायचं, बेधडक बघायचं. आई, तू भीतीने चष्मा ठेवशील म्हणून मुद्दाम लिहिते, खग्रासमध्ये चष्म्यातून निव्वळ काळोख दिसतो.

पहिलं मिनिट नुसतं बघा. काठावर वर्णगोलाची, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागालगतच्या थराची, लालसर कड आणि ज्वाळा दिसतील, त्या लवकर झाकल्या जातात. मग सूर्याच्या अगदी जवळ शुक्र शोधा. तिसऱ्या मिनिटाला द्विनेत्री (दोन डोळ्यांची दुर्बीण) हातात घ्या. मी हलकी ७×३५ आणते आहे, आडवं होऊन कोपर छातीला टेकवले की ती थरथरत नाही. पाचवं मिनिट संपलं की दादा सांगेल आणि द्विनेत्री खाली. हा नियम कुणासाठीही मोडायचा नाही, कारण उन्मीलनाचा, म्हणजे सूर्य पुन्हा उघडतानाचा, पहिला किरण द्विनेत्रीतून डोळ्यात गेला तर नुकसान कायमचं. उरलेल्या मिनिटात मान वळवून चारी बाजूंना क्षितिजावर पसरलेला संधिप्रकाश बघा, आणि पुन्हा वर. वीस सेकंद उरली की "चष्मे लावा".

फोटो तुम्ही काढायचे नाहीत. एक फोन तिपाईवर, पाच मिनिटं आधी चालू करून, आपल्या सगळ्यांवर रोखलेला ठेवायचा. चेहरे आणि आवाज येतात, तेवढं पुरे. सगळ्यांच्या फोनचे फ्लॅश आदल्या रात्री मी स्वतः बंद करणार आहे.

अंधार पडला की हॉटेलच्या बागेतले दिवे आपोआप लागतात, आणि नेमक्या खग्रासमध्ये डोळ्यांवर प्रकाश येतो. ते दिवे त्या तासापुरते मुख्य बटणावरून बंद ठेवण्याचं आत्ताच लेखी कबूल करून घेणार आहे. त्याच पत्रात खोल्यांची संख्या, तारखा, त्या दुपारी बाग दुसऱ्या कुणाला न देण्याची हमी आणि दोन्ही बाजूंनी रद्द करण्याच्या अटी. ग्रहण जवळ आलं की जुनी आरक्षणं रद्द करून खोल्या चढ्या भावाने विकायचा मोह होतो, म्हणून तोंडी शब्दावर राहायचं नाही.

वेळापत्रक साधं आहे. ३० जुलैला कैरोहून विमानाने लक्सर, रस्त्याने नाही. ३१ ला सकाळी लवकर कर्नाकचं मंदिर, संध्याकाळी ऊन उतरल्यावर लक्सरचं मंदिर. राजांच्या दरीतल्या कबरींत उतार आणि पायऱ्या आहेत, तिथे तुम्ही आला नाहीत तरी चालेल. १ ऑगस्टला पूर्ण विश्रांती, फक्त दुपारी बारा ते एक रंगीत तालीम. खुर्च्या मांडून, त्याच उन्हात, सावली आणि वारा कुठे आहे ते बघून जागा पक्क्या करायच्या. २ ला, सोमवारी, ग्रहण, खग्रास दुपारी एकनंतर काही मिनिटांनी. ३ ला कुठेही जायचं नाही, विमानतळावर सगळं जग असेल. ४ ला निघायचं.

तुमच्याकडून मला तीन गोष्टी हव्यात. पासपोर्टची मुदत प्रवासानंतर सहा महिने तरी शिल्लक आहे का ते बघा. डॉक्टरांना हे पत्र दाखवून उन्हाबद्दलचं त्यांचं मत लिहून घ्या. आणि डोळ्यांची तपासणी करून घ्या, बाबांच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन करायचंच असेल तर ते प्रवासाच्या तोंडावर नको, निदान काही महिने आधी उरकू. चाकाच्या खुर्चीची मागणी विमान कंपनीकडे तिकिटासोबतच नोंदवायची आहे, तेव्हा ती एकाला हवी की दोघांना, हेही कळवा. या महिनाअखेरीला मी खोल्यांची संख्या पक्की करते.

तुमची लेक