सापाला चालायला लावू नका

महोदय,

आपल्या सोमवारच्या अंकात स्पर्धा परीक्षांच्या पानावर इंग्रजी वाक्यांतल्या चुका शोधायचे दहा प्रश्न होते. सातवं वाक्य असं: 'वॉकिंग थ्रू द फील्ड, अ स्नेक बिट द फार्मर.' पानाच्या तळाशी उलट्या छापलेल्या उत्तरांत त्याच्यापुढं 'नो एरर' असं आहे. ते उत्तर चूक आहे, म्हणून हे पत्र.

मी इंग्रजीची शिक्षिका नाही. केज तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत 31 वर्षं मराठी शिकवलं. आता अंबाजोगाईत आमच्या घराच्या खालच्या मजल्यावर एकानं अभ्यासिका काढलीय, तिथं संध्याकाळी तासभर जाऊन बसते. तलाठी, बँक, एसएससी (दहावी नव्हे, केंद्राची कर्मचारी भरती), पोलीस, सगळ्या परीक्षांची लेकरं तिथं असतात. इंग्रजी सांगणारे सर लातूरला गेले आणि व्याकरण ते व्याकरण म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं. मंगळवारी तिघं जण तुमचं कात्रण घेऊन आले. दोघांनी 'नो एरर'वरच खूण केली होती. तिसऱ्याला काहीतरी खुपत होतं, पण काय ते सांगता येत नव्हतं. पहिला म्हणाला, "बाई, मला तर बरोबरच वाटायलंय. शेतातून चालताना शेतकऱ्याला साप चावला. यात काय चुकलं?"

त्याच्या मराठीत काहीच चुकलं नाही, आणि सगळी गोम तिथंच आहे. मराठीतला 'ताना' फार उदार. 'शेतातून येताना पाऊस लागला' असं आपण रोज म्हणतो. येणारे आपण, लागणारा पाऊस, तरी कुणाचा गोंधळ होत नाही. शिवाय मराठी माणसाला 'ला' लावून पुढं बसवते. 'शेतकऱ्याला साप चावला' यात कर्ता साप, पण वाक्याच्या तोंडाशी शेतकरी. इंग्रजीकडं असा 'ला' नाही. तिथं कोण कुणाचं हे जागेवरून ठरतं. स्वल्पविरामाच्या आधी 'वॉकिंग' आलं की पुढं जो कर्ता येईल तो चालणार. म्हणजे तुमच्या वाक्यात साप चालतोय, तोही पायांनी!

मी पोरांना एवढंच सांगते की वाक्याच्या सुरुवातीच्या 'आयएनजी'ला 'ताना' लावू नका, 'ऊन' लावून बघा. 'ऊन' हा कडक सासऱ्यासारखा आहे, दोन्ही क्रिया एकाच कर्त्याच्या असल्याशिवाय घरात घेत नाही. 'शेतातून चालत येऊन साप शेतकऱ्याला चावला' असं म्हटलं की वर्ग हसतो, आणि हसला की चूक सापडली. ('घर सोडून दहा वर्षं झाली' अशा काळाच्या वाक्यांत 'ऊन'ही सवलत देतो, पण ती वाक्यं वेगळी ओळखू येतात.) सातवीतल्या एका मुलानं मला सुट्टीच्या अर्जात लिहिलं होतं, 'तापानं फणफणून आईनं मला घरी ठेवलं.' मी खाली लाल शाईनं विचारलं, 'आई आता बरी आहे का?' ती चूक त्याला एका ओळीत कळली होती. तीच चूक इंग्रजीत आली की आपण तिला 'डँगलिंग मॉडिफायर' असं भारदस्त नाव देतो आणि पोरं घाबरतात.

तुमचं वाक्य दुरुस्त करायचे रस्ते तीन. 'व्हाइल द फार्मर वॉज वॉकिंग थ्रू द फील्ड, अ स्नेक बिट हिम', यात चालणाऱ्याला स्वतःचा कर्ता मिळाला. 'वॉकिंग थ्रू द फील्ड, द फार्मर वॉज बिटन बाय अ स्नेक', यात स्वल्पविरामानंतर शेतकरी आला. किंवा तो तुकडा उचलून शेतकऱ्याच्या मागं चिकटवा: 'अ स्नेक बिट द फार्मर वॉकिंग थ्रू द फील्ड.' तिन्ही चालतात, पर्यायांत जो असेल तो घ्यायचा.

क्लासमध्ये मात्र ट्रिक शिकवतात की स्वल्पविरामानंतर माणूस दिसला की वाक्य बरोबर. मग 'रोस्टेड इन सॉल्ट, माय अंकल एट द पीनट्स' हेही बरोबर म्हणायचं का? माणूस तर आहे! पण इथं 'रोस्टेड' म्हणजे 'भाजलेला', आणि ते मामाला चिकटलं. मिठात भाजलेल्या मामानं शेंगा खाल्ल्या. अशा तुकड्याला 'लेला' लावून बघावं. आणखी एक फसवा प्रकार आमच्या पैठणच्या नाथांवरून सांगते. 'बॉर्न इन पैठण, एकनाथ्स भारुड्स आर स्टिल संग टुडे.' स्वल्पविरामानंतर एकनाथांचं नाव दिसतं म्हणून पोरं पुढं जातात. पण कर्ता भारुडं आहेत, एकनाथ नव्हेत. मराठीत हा घोळ होत नाही, कारण 'पैठणला जन्मलेल्या एकनाथांची भारुडं' म्हटलं की 'लेल्या' बरोबर नाथांपाशी जातो. 'जन्मलेली' म्हटलं असतं तर भारुडं जन्मली असती. आपली भाषा शब्दाचं रूप बदलून जे काम करते, ते इंग्रजी जागा बदलून करते. 'शुद्ध गाईचं तूप' हा विनोद आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या चालतो तोही याचमुळं, कारण 'शुद्ध' बिचारा रूपच बदलत नाही.

अपवाद विचाराल तर आहे. 'कन्सिडरिंग हिज एज, ही वॉक्स फास्ट' हे इंग्रजीत मान्य आहे. पाहणारा कुणीच नाही, तरी चालतं. आपलं 'वय पाहता तो भरभर चालतो' तरी वेगळं काय आहे?

समांतर रचनेबद्दल, म्हणजे यादीतले सगळे तुकडे एकाच साच्यातले हवेत याबद्दल, थोडक्यात लिहिते, कारण तिथं मराठी कान आपणच ओरडतो. 'शी लाइक्स कुकिंग, सिंगिंग अँड टू रीड' याला 'तिला रांधायला, गायला आणि वाचन आवडतं' असं म्हणून बघा, जीभच अडखळते. 'नॉट ओन्ली... बट ऑल्सो' कुठं ठेवायचं हे विचारलं की मी 'च' आणि 'ही' दाखवते. 'त्यानं बैलच नाही, गाडीही विकली.' 'च' बैलाला, 'ही' गाडीला. म्हणून 'ही सोल्ड नॉट ओन्ली द बुलक्स बट ऑल्सो द कार्ट.' 'ही नॉट ओन्ली सोल्ड' म्हटलं की 'च' 'विकणे'ला लागतो, आणि मग 'बट ऑल्सो'च्या मागं दुसरं क्रियापद आणावं लागतं.

एका ठिकाणी मात्र आपला कान दगा देतो, ते म्हणजे तुलना. 'तुरीचा भाव सोयाबीनपेक्षा जास्त' असं आडतीवर सगळेच बोलतात, आणि ते अस्सल मराठी आहे. 'द प्राइस ऑफ तूर इज हायर दॅन सोयाबीन' असं लिहिलं की परीक्षेत गुण गेला, कारण भावाची तुलना थेट दाण्याशी झाली. 'दॅन दॅट ऑफ सोयाबीन' हवं. ज्या पोराचे वडील दरवर्षी लातूरच्या मोंढ्यात तूर घालतात, तोच यात दोनदा फसला.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या मुलीनं मला सांगितलं की परदेशी एमबीएसाठी लागणाऱ्या जीमॅटची नवी आवृत्ती 2023 च्या नोव्हेंबरात आली, तिच्यातून वाक्यदुरुस्तीचे प्रश्न काढूनच टाकलेत. खरं आहे ते. पण अमेरिकेतली कॉलेजप्रवेशाची सॅट परीक्षा हे आजही विचारते, आणि आमच्या अभ्यासिकेतली लेकरं जीमॅटला बसत नाहीत. 2023 च्या तलाठी भरतीत 100 प्रश्नांपैकी 25 इंग्रजीचे होते आणि 25 मराठीचे. 'ऊन' आणि 'ताना' त्यांना मराठीसाठी पाठ करावेच लागतात. बँकेच्या क्लार्कच्या पूर्वपरीक्षेत इंग्रजीच्या 30 प्रश्नांना 20 मिनिटं, म्हणजे एकाला 40 सेकंद, आणि चुकलं की पाव गुण कापतात. त्या 40 सेकंदांत व्याख्या आठवत नाही. चालणारा साप आठवतो.

म्हणून दोन विनंत्या. सातव्या प्रश्नाची दुरुस्ती त्याच पानावर, वाचता येईल अशा अक्षरात छापावी. आणि यापुढं उत्तराबरोबर कारणही द्यावं, मराठीत, एका ओळीचं असलं तरी चालेल. जागा कमी पडत असेल तर दहाऐवजी सहाच प्रश्न छापा. नुसतं 'नो एरर' वाचून पोरं पाठ करतात, आणि छापलेलं चुकीचं असतं हे त्यांना पटवायला मला पाऊण तास लागला. "पेपरात आलंय बाई," हेच त्यांचं पालुपद.

कात्रण सोबत जोडलं आहे. त्यावरची निळी खूण पोराची आहे, लाल फुली माझी.

आपली,
एक निवृत्त मराठी शिक्षिका, अंबाजोगाई