टोगाचा पदर आणि चुकलेली चित्रओळ

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील ग्रीक-रोमन देवदेवतांवरच्या लेखासोबत एक तक्ता आणि एक छायाचित्र आहे. छायाचित्रात एक गृहस्थ डोक्यावरून वस्त्र घेऊन, हातातल्या उथळ वाडग्यातून वेदीवर काहीतरी ओतताना दिसतात. खाली चित्रओळ आहे : ‘यज्ञ करणारा ग्रीक पुरोहित’. हा मनुष्य ग्रीक नव्हे. डोक्यावर ओढलेला टोगाचा (रोमन पुरुष अंगाभोवती घेत त्या लांब वस्त्राचा) पदर पाहिला की तो रोमन आहे आणि रोमन पद्धतीनेच पूजा करतो आहे हे कळते. चित्रओळीत चूक होतेच, तिच्यासाठी पत्र लिहायचे कारण नव्हते. पण ती ज्या समजातून आली, तो लेखाच्या पहिल्याच वाक्यात आहे : ‘रोमनांनी ग्रीकांचे देव घेतले आणि फक्त नावे बदलली.’ ग्रीक देवासमोर रोमन देव मांडणारा तक्ताही त्याच समजावर बेतलेला आहे. हे वाक्य मराठीत इतक्या वेळा छापून आले आहे, की आता कोणी ते तपासत नाही.

तक्त्यातली पहिलीच जोडी झ्यूस–ज्युपिटर. जोडी बरोबर आहे, तिचे कारण मात्र चुकीचे दिले आहे. लॅटिनमधला ‘युप्पितेर’, ग्रीकांचा ‘झ्यूस पातेर’ आणि ऋग्वेदातला ‘द्यौष्पितर्’ ही एकाच जुन्या शब्दाची तीन रूपे आहेत, अर्थ आकाशपिता. ही तीन चुलतभावंडे झाली. त्यात कोणी कोणाचे नाव बदलून घेतलेले नाही. (हातात वज्र म्हणून झ्यूसला इंद्र म्हणायची आपल्याकडे रीत आहे. कामाने तो इंद्राजवळचा असेलही, नावाने मात्र द्यौच्या घरचा.)

अपोलोसमोर रोमन रकान्यात ‘फीबस’ छापले आहे. फीबस हे ग्रीकच विशेषण, ‘तेजस्वी’ या अर्थाचे. अपोलो रोममध्ये अपोलो याच नावाने आला आणि तसाच राहिला. इ.स.पू. 433 मध्ये साथ पसरली तेव्हा त्याच्या देवळाचा नवस बोलला गेला आणि 431 मध्ये देऊळ उभे राहिले. तिथे त्याची पूजा ‘मेदिकुस’, म्हणजे वैद्य म्हणून होई. ‘फक्त नावे बदलली’ म्हणावे तर जो देव खरोखरच बाहेरून आला, त्याचेच नाव बदलले नाही!

आता युद्धदेवांची जोडी, आरेस आणि मार्स. होमरच्या ‘इलियड’मध्ये झ्यूस आरेसला तोंडावर सांगतो, की ऑलिंपसवरच्या सगळ्या देवांत तू मला सर्वांत नकोसा आहेस. ग्रीकांना आरेस म्हणजे निव्वळ कापाकापी. मार्स हा रोमच्या संस्थापकांचा, रोम्युलस-रीमसचा, बाप, म्हणजे रोमनांचा मूळपुरुषच. जुन्या रोमन वर्षाचा पहिला महिना, मार्च, त्याच्या नावाचा. आणि शेतकरी त्याला शेताच्या बांधावर बोलावत. इ.स.पू. दुसऱ्या शतकातल्या काटो या रोमन मुत्सद्द्याच्या शेतीविषयक ग्रंथात या पूजेचा विधी दिला आहे. दूध पिते डुकराचे पिलू, कोकरू आणि वासरू असे तिघे शेताच्या कडेने फिरवायचे. आधी दारांचा आणि प्रारंभांचा देव जानुस आणि ज्युपिटर यांना वाइन द्यायची, मग मार्सला मागणे करायचे : दिसणारे आणि न दिसणारे रोग दूर ठेव, नापिकी आणि नासधूस अडव, धान्य, द्राक्षमळे आणि रोपे वाढू दे, गुराखी आणि गुरे सुखरूप राख, मला, माझ्या घराला आणि घरच्या माणसांना आरोग्य दे. हे मागणे युद्धदेवाकडे आहे! पुढे काटो अगदी व्यवहाराचे सांगतो. बळी दिल्यावर कौल अनुकूल मिळाला नाही तर म्हणायचे, ‘मार्स पित्या, यातले काही तुला रुचले नसेल तर ही घे, पुन्हा तीच तिन्ही.’ एखाद्याच प्राण्याविषयी शंका असेल तर तेवढाच पुन्हा द्यायचा : ‘ते डुक्कर तुला पटले नाही, म्हणून हे डुक्कर.’ ही भाषा कथेतल्या देवाशी बोलायची नाही. ज्याच्याशी रोजचा हिशेब आहे त्याच्याशी बोलायची आहे.

ग्रीक आणि रोमन यांतला फरक गोष्टींपेक्षा या पूजाविधीत जास्त उघड दिसतो, आणि आपल्याकडच्या लेखांत नेमका तोच गळतो.

ग्रीक विधी ‘ओडिसी’च्या तिसऱ्या सर्गात अथपासून इतिपर्यंत आहे. पायलॉसचा राजा नेस्टर अथीनेला कालवड देतो. सोनार येऊन तिच्या शिंगांना सोन्याचा पत्रा चढवतो. हात धुवायचे पाणी आणि जवाचे दाणे आणले जातात. नेस्टर पाणी आणि जव यांनी सुरुवात करतो, कालवडीच्या डोक्यावरचे थोडे केस कापून विस्तवात टाकतो. एक मुलगा कुऱ्हाडीने मानेच्या शिरा तोडतो. त्या क्षणी घरच्या बायका मोठ्याने ओरडतात. दुसरा मुलगा गळा कापतो. मग मांडीची हाडे काढून त्यांवर चरबीचा दुहेरी थर गुंडाळतात, वर कच्च्या मांसाचे तुकडे ठेवतात, फोडलेल्या लाकडांवर ते जाळतात आणि वरून वाइन ओततात. हा देवीचा वाटा. आतले अवयव माणसे आधी चाखतात, उरलेले मांस सळयांना टोचून भाजतात आणि जेवायला बसतात. देवाला हाडे आणि चरबी, माणसाला मांस, हे उफराटे वाटप का, याचे उत्तर ग्रीक कवी हेसिअडने प्रॉमिथ्यूसच्या कथेत दिले आहे : मेकोनी इथे त्याने हाडे चकचकीत चरबीखाली लपवली, चांगले मांस ओंगळ जठरात भरले आणि झ्यूसला त्यांतून एक निवडायला सांगितले. म्हणजे या कथेचे मूळ त्या जेवणातल्या वाटणीशी आहे. ती नुसती ‘अग्नी चोरणाऱ्या वीराची गोष्ट’ म्हणून छापली की अर्धी निघून जाते.

हे सारे उघड्यावर चाले. वेदी देवळाबाहेर, समोर असे. देऊळ म्हणजे मूर्तीचे घर. अथेन्समधल्या अथीनेच्या देवळाबद्दल लेखात ‘पार्थेनॉनच्या गाभाऱ्यात बळी दिले जात’ असे म्हटले आहे. ते तसे नाही. तिथे धूर झाला असता तर मूर्तीवरच्या हस्तिदंताचे आणि सोन्याचे काय झाले असते? ऑलिंपियाला झ्यूसची वेदी तर दगडाचीही नव्हती. ती बळींच्या राखेची होती. आल्फेऑस नदीच्या पाण्यात राख कालवून थर चढवत नेलेली ही वेदी ग्रीक प्रवासी पॉसेनिअसने पाहिली तेव्हा 22 फूट उंच होती. तिच्यावर जाळायला पांढऱ्या पॉप्लरचेच लाकूड लागे.

ग्रीकांचेही विधी बिघडत. शेपूट आणि माकडहाड विस्तवात ठेवले की उष्णतेने शेपूट वर वळते. तसे ते वळणे शुभ. हाडे पेट न घेता नुसती धुमसली, चरबी गळून गेली, पित्ताशय फुटून पित्त उडाले, की काहीतरी बिनसले आहे. ‘अँटिगनी’ नाटकात आंधळा द्रष्टा टायरेसिअस क्रेऑन राजाला नेमके हेच वर्णन ऐकवतो. पण ग्रीकांकडे शब्द चुकला म्हणून सगळा उत्सव पुन्हा करण्याचा धाक नव्हता. तो रोमनांकडे होता.

रोमन विधीत पूजा करणारा टोगाचा पदर डोक्यावर घेतो. रोमन कवी व्हर्जिलने कारण दिले आहे : पूजा चालू असताना एखादा वैरी चेहरा नजरेला पडून शकुन बिघडू नये. बासरीवाला शेवटपर्यंत वाजवत राहतो, कारण कानावरही वाईट आवाज पडता कामा नये. रोमन लेखक थोरल्या प्लिनीने आणखी तपशील दिला आहे. एक जण लेखी मजकुरातून मंत्र वाचून सांगतो, दुसरा शब्द न् शब्द बरोबर पडतो का यावर लक्ष ठेवतो, तिसरा लोकांना गप्प बसवतो. सुरुवात धूप आणि वाइनने. मग प्राण्याच्या पाठीवर ‘मोला साल्सा’, म्हणजे खारवलेले पीठ, भुरभुरायचे, कपाळावर वाइन ओतायची, सुरी डोक्यापासून शेपटीपर्यंत वरून फिरवायची. मारणारा विचारतो, ‘अगोने?’, म्हणजे ‘करू का?’ होकार मिळाल्यावरच घाव.

या मोला साल्साबद्दल लेखात ‘एक प्रकारचे पीठ’ एवढेच आहे. ते कोणतेही पीठ चालत नसे. ‘फार’ म्हणजे आपला खपली गहू. त्याची कणसे चुलीची देवी व्हेस्टा हिच्या कुमारिका 7 ते 14 मे या दिवसांत, एक दिवसाआड, गोळा करत. स्वतः भाजत, कांडत, दळत. त्यात घालायचे मीठही साधे नसे : कच्चे मीठ कुटून मातीच्या मडक्यात भरायचे, तोंड जिप्समने लिंपून भट्टीत भाजायचे, मग तो गोळा लोखंडी करवतीने कापायचा. पीठ आणि मीठ एकत्र करायचे वर्षातून तीनदा : 15 फेब्रुवारी, 9 जून आणि 13 सप्टेंबर. ‘बळी देणे’ याला लॅटिनमध्ये जो शब्द आहे, ‘इम्मोलारे’, तो या ‘मोला’वरून आलेला. म्हणजे लॅटिन भाषेच्या लेखी बळी देणे म्हणजे पीठ भुरभुरणे!

मारल्यावर यकृत, फुफ्फुसे, हृदय, पित्ताशय आणि पोटातला पडदा तपासायचा. सगळे नीट असेल तर देवाने स्वीकारले. नसेल तर दुसरा प्राणी आणायचा, आणि देव मानेपर्यंत हे चालू. इ.स.पू. 176 मध्ये काय झाले ते रोमन इतिहासकार लिव्हीने लिहून ठेवले आहे. दोघे कॉन्सल, म्हणजे वर्षाचे सर्वोच्च अधिकारी, वर्षारंभीचे बळी देत होते. त्यांतल्या कॉर्नेलिअसचा सेवक धावत आला, की बैलाचे यकृत शिजताना विरघळून गेले. कॉर्नेलिअसचा विश्वास बसेना. त्याने भांड्यातले पाणी ओतायला लावले; बाकीचे अवयव शाबूत, यकृत नाही. दुसरा कॉन्सल पेटिलिअस याच्या बैलाच्या यकृताला ‘डोके’ म्हणतात तो भागच नव्हता. सिनेटने हुकूम काढला : मोठे प्राणी द्या, कौल मिळेपर्यंत द्या. बाकीच्या देवांनी मानले; सालुस, म्हणजे सुरक्षितता, हिने पेटिलिअसचे मानले नाही, असे लिव्ही म्हणतो. त्याच वर्षी लॅटिन उत्सवात लानुव्हिअम गावच्या अधिकाऱ्याने एका बळीच्या वेळी ‘रोमन जनतेसाठी’ हे शब्द उच्चारले नाहीत. पुरोहित मंडळाचा निर्णय झाला, की सगळा उत्सव पुन्हा करावा आणि बळीचे प्राणी लानुव्हिअमने द्यावेत. ‘नावे बदललेल्या ग्रीक धर्मा’त असा निर्णय कुठून येणार?

रोमनांना हा फरक पक्का ठाऊक होता, आणि त्यांनी तो जपला. सॅटर्नला आणि महावेदीवर हर्क्युलिसला ते उघड्या डोक्याने बळी देत आणि त्याला स्पष्टपणे ‘ग्रीक पद्धत’ म्हणत. इ.स.पू. 17 मध्ये ऑगस्टसने शतकोत्सव केला, त्याचा अहवाल दगडात कोरलेला सापडला आहे. त्यात नियतीदेवतांना नऊ मेंढ्या आणि नऊ शेळ्या ‘ग्रीकांच्या रीतीने’ दिल्याची नोंद आहे. सगळेच ग्रीक असते तर ही नोंद करायची गरज पडली नसती.

मग जोड्या आल्या कुठून? काही कवींकडून, काही राज्यकारभारातून. इ.स.पू. 217 मध्ये ट्रासिमेनी तलावाकाठी हॅनिबलने रोमन सैन्य बुडवले. त्यानंतर रोममध्ये बारा देवांना सहा आसनांवर जोडीने बसवून तीन दिवस मेजवानी दिली : ज्युपिटर–जुनो, नेपच्यून–मिनर्व्हा, मार्स–व्हीनस, अपोलो–डायना, व्हल्कन–व्हेस्टा, मर्क्युरी–सेरेस. नेपच्यूनशेजारी मिनर्व्हा का, हे त्यांच्या ग्रीक जोडीदारांचे, पोसायडन आणि अथीना यांचे, अथेन्स शहरावरून झालेले भांडण ठाऊक असेल तरच कळते. म्हणजे मांडणी ग्रीक डोक्यातून आलेली आहे. पण पूजेच्या दिवशी काय, कोणत्या तारखेला, कोणत्या पिठाने, हे रोमन पंचांग ठरवत होते. त्या पंचांगात 25 एप्रिलला रोबिगुसचा दिवस होता. हा गव्हावरच्या तांबेऱ्याचा देव. रोमबाहेर पाचव्या मैलाच्या दगडाजवळ त्याला कुत्रा आणि मेंढी देत, तांबेरा पिकावर न पडता लोखंडावर पडो असे मागत. आपल्या तक्त्यात तो नाही, कारण त्याच्यासमोर लिहायला ग्रीक नाव नाही. जानुसचेही तेच. ‘ग्रीसमध्ये तुझ्या तोडीचा कोणी नाही’ असे रोमन कवी ओव्हिडने त्याला उद्देशून म्हटले आहे. आपल्या तक्त्यात त्याच्यासमोर ‘हर्मीस’ छापले आहे.

तक्ता पुन्हा छापायचा झाला तर अपोलोसमोर दोन्ही रकान्यांत अपोलोच लिहावे, जानुससमोरचा ग्रीक रकाना रिकामा ठेवावा, रोबिगुसची एक ओळ वाढवावी आणि चित्रओळीतला ‘ग्रीक’ हा शब्द बदलून ‘रोमन’ करावा.

आपला,
एक वाचक