मंत्रिसाहेब, त्या दहा खाटा कुठे आहेत?

मा. मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागच्या पावसाळ्यात आमच्या भागात येऊन आपण शब्द दिला होता, की सरकारी दवाखान्यात व्यसनमुक्तीच्या दहा खाटा होतील. गेल्या मंगळवारी मी धाकट्या भावाला तिथे घेऊन गेलो. दारू बंद करून तिसरा दिवस. हात थरथरत होते, अंगावर नसलेल्या मुंग्या वेचून तो खाली टाकत होता. "कसल्या खाटा?" सिस्टरनी मलाच विचारलं. एक सलाईन लावलं आणि संध्याकाळी घरी पाठवलं. दारू एकदम तुटली की याच दिवसांत झटके येतात, जीवही जातो. मी त्यातून गेलोय साहेब. मला दारू सोडून चौदा महिने झाले.

आजोबा नर्मदाकाठचे आदिवासी. सरदार सरोवर धरणात महाराष्ट्राची ३३ गावं गेली, त्यातलं एक आमचं. तिकडे मोहाची दारू आधी याहामोगी देवीला चढायची, मग सणाला, लग्नाला माणसं प्यायची. तळोद्याच्या पुनर्वसन वसाहतीत आजोबा ओट्यावर बसून बुडालेली मोहाची झाडं बोटांवर मोजायचे आणि बाटलीतली प्यायचे. बा बोलायचा नाही. प्यायचा आणि मारायचा. नवव्या वर्षी मी त्याच्यासाठी बाटली आणायला जायचो, सतराव्या वर्षी स्वतःसाठी. "तुमच्यात पितातच," असं एका अधिकाऱ्याने मला तोंडावर ऐकवलं. जमिनीची मोजणी झाली, घराची झाली. आजोबांची झोप गेली, तिच्यासाठी तुमच्या कुठल्या फॉर्मात रकाना होता?

घटनेचं ४७ वं कलम सांगतं, सरकारने दारूबंदीसाठी झटावं. तेच सरकार बाटली-बाटलीवर शुल्क घेतं. बाच्या, माझ्या, आता भावाच्या बाटलीचंही घेतलं. तीन माणसांच्या एवढ्या वर्षांच्या पैशातून एक खाट निघत नाही? पुण्याला मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून आहे, पण आमच्यापासून चारशे किलोमीटरच्या वर. रोजाने जाणारा माणूस तिथे महिनाभर राहिला, तर मागे चूल कोण पेटवणार? शहरातल्या माणसाला आजार होतो, आमची म्हणे सवय असते!

खाटा द्या. बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं ठेवा. आणि आमची बोली कळणारा समुपदेशक द्या. माझ्या मायला पावरीत रडता येतं, मराठीत नाही.

भाऊ घरीच आहे. तो रात्री बाहेर पडू नये म्हणून माय दारात आडवी झोपते. आज सहावी रात्र.

आपला,
तळोदा तालुक्यातल्या वसाहतीतला एक विस्थापित