शिक्षणमंत्र्यांना खुलं पत्र: पाटी, सुट्टे पैसे आणि दिवसातला एक तास

मा. शालेय शिक्षणमंत्री साहेब,
महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, मराठवाड्यातल्या एका तांड्यावर. पहिली ते चौथी, शिक्षक दोन. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे ६० पोरांपर्यंत दोनच शिक्षक बसतात त्यामुळे त्याची तक्रार करायला हे पत्र नाही, दोघांत चार वर्ग कसे ओढायचे ते आता जमतंय. विषय साहित्याचा आहे. गेल्या काही वर्षांत शाळेत साहित्य भरपूर आलं, पेट्या आल्या, तक्ते आले, पुस्तकांत क्यूआर कोड आले, आणि प्रत्येकाच्या मागोमाग एक लिंक आली. साहित्य वापरतानाचे फोटो टाका, आज पाचच्या आत, अर्जंट. मग काय होतं सांगू का, पेटी उघडायची, पोरांच्या हातात द्यायची, फोटो काढायचा आणि सगळं मोजून परत कपाटात, कारण ते डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या कायमच्या सामानाच्या वहीत, चढलेलं असतं, एक मणी हरवला तर उत्तर कोण देणार. साहित्य नवं कोरं राहतं आणि ऑडिटवाले खूश.

वर्गात खरं काय चालतं ते ऐका आता.

सगळ्यात आधी पाटी. जुनाट म्हणून आपण तिला बाजूला सारलं, पण अख्ख्या वर्गाला काय येतं ते अर्ध्या मिनिटात सांगणारी दुसरी वस्तू मला तरी सापडलेली नाही. फळ्यावर एकच उदाहरण लिहायचं, सगळ्यांनी आपापल्या पाटीवर उत्तर लिहून पाटी छातीशी उलटी धरायची, आणि मी ‘दाखवा’ म्हटलं की सगळ्या पाट्या एकदम वर. कुणाला आलं, कुणी शेजारच्याचं बघितलं, कुणी आकडे उलटे लिहिले, सगळं समोर. तेच तोंडी विचारलं की ठरलेली चार पोरं हात वर करतात आणि आपण समजतो वर्गाला आलं. तोंडी विचारायचंच असेल तर कुल्फीच्या काड्यांवर नावं लिहून त्या डब्यात ठेवल्यात, पण क्रम महत्त्वाचा, आधी प्रश्न, मग मनातल्या मनात पाचपर्यंत मोजायचं, मग काडी काढायची. नाव आधी घेतलं की बाकीचे सुटले, ते लगेच खिडकीबाहेर.

आता वजाबाकी. तुमच्याकडे पायाभूत चाचणीचे निकाल येतात, त्यात हातच्याच्या वजाबाकीला पोरं मार खातात हे तुम्हाला तक्त्यात दिसत असेल. पण का मार खातात ते तक्त्यात दिसत नाही. ५२ मधून २७ घालवा म्हटलं की बरीच पोरं ३५ लिहितात. हे आळसानं झालेलं नसतं हो, दोनातून सात जात नाहीत म्हणून पोरगं सरळ सातातून दोन घालवतं, त्याच्या दृष्टीनं नियम पाळलेलाच असतो! इथं ‘शेजारून एक उसना घे’ असं दहा वेळा ओरडून काही होत नाही. मी जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला दहाच्या नोटा आणि एकची नाणी काढून कापून घेतलीत, पोरांनीच कापली. दहाच्या पाच नोटा, दोन सुटे. दुकानदार २७ मागतोय. सात सुटे द्यायचेत आणि हातात दोनच, मग काय करशील? ‘नोट मोडीन.’ हे तांड्यावरच्या कुठल्याही पोराला सांगावं लागत नाही, किराणा आणायला तेच जातं. नोट मोडली, बारा सुटे झाले, सात दिले पाच राहिले, चार नोटांतल्या दोन दिल्या दोन राहिल्या. २५. हे दोन-चार दिवस नुसतं हातानं करू द्यायचं, वहीत मांडणी नंतर. घाई केली की परत ३५ येतं.

त्यातच दुसरी गुंतागुंत, आपण सत्तावीस म्हणताना सात आधी म्हणतो आणि लिहिताना दोन आधी लिहितो, म्हणून ऐकून ७२ लिहिणारी पोरं प्रत्येक वर्गात असतात. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात जोडीला ‘वीस सात’ अशी पद्धत आली तर केवढा गदारोळ झाला, विधिमंडळापर्यंत गेलं. मराठी बुडाली म्हणे. आम्ही वर्गात आजही दोन्ही म्हणतो, आधी वीस आणि सात, मग सत्तावीस, नोटा समोर मांडून, आणि मराठी शाबूत आहे, एकदा येऊन ऐकाच.

भाषेचं जरा सविस्तर सांगते कारण खरी अडचण तिथंय. आमची पोरं घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतात. आईला याडी, भाकरीला बाटी. सहा वर्षांचं लेकरू शाळेत येतं आणि पहिल्याच दिवशी त्याला न कळणाऱ्या भाषेत न कळणारी अक्षरं. दोन्ही ओझी एकदम. मग ते गप्प बसतं आणि आपण शेरा मारतो, अप्रगत. मला इथं सगळ्यात जास्त कामाला आलेलं साहित्य म्हणजे फळा आणि पोरांच्याच गोष्टी. एकानं सांगायचं, काल काय झालं, बकरी हरवली, ट्रॅक्टर फसला, काहीही, जशी येईल तशा भाषेत, आणि मी त्याचंच वाक्य फळ्यावर लिहिते, गोरमाटी शब्दासकट. चार वाक्यं झाली की सगळ्यांनी बोट ठेवून वाचायची. आपणच बोललेलं असल्यामुळे अर्थाची भीती नसते, फक्त अक्षरं ओळखायची राहतात. पुढच्या आठवड्यात तीच गोष्ट मराठीत. मोठ्या अक्षरात कागदावर उतरवून दोऱ्यानं शिवली की आमचं वाचनपुस्तक तयार, आणि ते कधीच कपाटात जात नाही. ‘ही माझी गोष्ट’ म्हणून ज्याची त्यानं इतरांना वाचून दाखवायची असते ना, पुस्तक फाटेपर्यंत वाचतात. कोरकू, पावरी, वारली, गोंडी बोलणारी पोरं जिथं आहेत तिथं हे असंच चालेल, तिथले शिक्षक करतही असतील, पण एकमेकांना कळायची सोय कुठंय?

हजेरीचंही तेच. पहिलीच्या पोरांची नावं पुठ्ठ्यावर लिहून दाराजवळ ठेवलीत, आल्यावर आपलं नाव शोधून दोरीला लावायचं. सगळ्यात आधी वाचता येतं ते स्वतःचं नाव, मग मित्राचं. खर्च शून्य.

दिवाळीनंतर मात्र चित्र बदलतं. आईबाप कोयत्यावर जातात, ऊसतोडीला, आणि बरीच पोरं बरोबर जातात. हंगामी वसतिगृहाची योजना आहे, ती वेळेवर सुरू झाली तर पोरं गावात राहतात, उशीर झाला की ट्रक गेलेला असतो. म्हणून आमचं खरं वर्ष जून ते ऑक्टोबर. जाणाऱ्या पोरासोबत मी शिवलेल्या गोष्टी आणि त्या कापलेल्या कागदी नोटांची पाकिटं देते, अर्धी परत येतात, चालायचंच. आणि नेमक्या ह्याच पाच महिन्यांत सगळ्यात जास्त माहिती मागितली जाते, यूडायस म्हणजे शाळेची आकडेवारी, आधार, अपार म्हणजे पोरांचा ओळख क्रमांक, पोषण आहार, वर बीएलओचं म्हणजे मतदारयादीचं काम. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला दुसरं अशैक्षणिक काम देऊ नये असं लिहिलंय. पण लिंक भरणं हे काम अशैक्षणिक आहे असं कुणी मानतच नाही, कारण नाव शाळेचंच असतं ना.

आता मागणं. तीनच गोष्टी, आणि त्यातल्या दोन फुकट.

सर्व शिक्षा अभियानात प्रत्येक शिक्षकाला साहित्य बनवायला वर्षाला ५०० रुपये मिळायचे. रक्कम छोटी, पण ती शिक्षकाच्या हातात असायची. पुठ्ठा, स्केचपेन, दोरा, फेविकॉल, जे लागेल ते. ते बंद झालं आणि त्याऐवजी वरून एकसारख्या पेट्या यायला लागल्या, किनवटला जी तीच कणकवलीला. ते ५०० परत द्या, महागाई बघून वाढवा, आणि त्यातून बनलेली वस्तू डेडस्टॉकला लावू नका, ती फाटायलाच बनवलेली असते. अनुताई वाघांनी कोसबाडला खडे, बिया, पानं, शिंपल्यांवर पोरं शिकवली, अरविंद गुप्तांनी आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबवर भूमिती शिकवली, दोघांना पद्मश्री दिली आपण. मग त्या कामाला बजेटमध्ये एक ओळ द्यायला काय हरकत आहे?

दुसरं, केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद. सध्या तिथं काय चालतं ते तुम्हाला माहीत असेलच, वरून आलेली पीपीटी, सूचनांचं वाचन, चहा, सह्या. तिथले दोन तास शिक्षकांना द्या. ज्याला जे जमलं ते त्यानं प्रत्यक्ष पोरांवर करून दाखवायचं, आणि ज्याला जमलं नाही त्यानंही सांगायचं, अधिकारी असले तर मागच्या बाकावर. साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या शाळांत पोरं स्वतः करून शिकतात ते बघायला राज्यभरातून शिक्षक गेले होते, कुणी जाऊन बघितलं की पटतं हे तेव्हाच सिद्ध झालं. नंतर त्याचा पार तमाशा झाला तो वेगळा, शिकवण्याची पद्धत राहिली बाजूला आणि गावोगाव नुसत्या फरशा रंगल्या, कारण फोटोत फरशीच येते.

तिसरं, एक तास. पहिली ते पाचवीला वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन कायद्यात आहे, म्हणजे दिवसाला चार तास. त्यातला पहिला एक तास राज्यभर असा ठेवा की त्या वेळात वरून एकही फोन, मेसेज, लिंक, व्हिडिओ मीटिंग येणार नाही. त्या तासात आम्ही इयत्ता मोडून पोरं बसवतो, चौथीतलं अडखळणारं पोरगं दुसरीतल्याबरोबर अक्षरं जोडतं, तिसरीतलं पटपट वाचणारं पहिलीतल्याला गोष्ट वाचून दाखवतं. दोन शिक्षकी शाळेला हाच एक मार्ग आहे आणि मध्ये फोन वाजला की सगळे गट मोडतात, परत बसवायला वीस मिनिटं.

एवढंच.

आपली,
एक जि.प. शिक्षिका

ता.क. हे पत्र ‘उचित कार्यवाहीसाठी’ असा शेरा मारून खाली पाठवू नका. खाली येता येता ते माझ्याच शाळेला येईल आणि मलाच त्याचा अहवाल भरावा लागेल, फोटोसकट.