रविवारचा चुकलेला फोन

सिएटल, ऑगस्टअखेर

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

रविवारी सकाळी तुमचा फोन घेतला नाही आणि नंतर ‘ऑफिसात अडकले होते’ म्हणाले, ती थाप होती. तुमच्याकडे आठ वाजले तेव्हा इथे शनिवारची संध्याकाळ होती आणि मी चौघांबरोबर एक डोंगर उतरत होते. रेंज नव्हती. रात्री लेव्हनवर्थ गावात शिरलो आणि आईचे सात मिस्ड कॉल एकदम टणाटण वाजले. गाडीतले सगळे हसले. मला मात्र कसंतरीच झालं.

गेलो होतो कोलचक तळ्यावर. गाडीने तीनेक तास, पुढे जाऊन-येऊन आठ मैल पायी, म्हणजे तेरा किलोमीटर. चढ सातशे मीटरचा. बाबा, अजिंक्यतारा दोनदा चढायचा आणि वर थोडा उरायचा, एवढा हिशेब धरा. सुरुवातीला गर्द झाडी, ओढ्यावर ओंडक्यांचा पूल, सगळं मजेत. शेवटच्या टप्प्यात मात्र दगडच दगड, आणि चढ असा की बोलणं आपोआप बंद.

आणि मग तळं. आई, तुझा तो मोरपंखी शालू आठव आणि त्यात थोडं दूध घाल. वरची हिमनदी खडक घासत सरकते, त्याचं जात्यातल्या पिठाहून बारीक पीठ होतं आणि ते पाण्यात तरंगत राहतं. त्यावर ऊन पडलं की असा रंग दिसतो. इथल्या जुन्या चिनुक बोलीत कोलचक म्हणजे थंड पाणी. पाय घातले आणि विसापर्यंत मोजायच्या आत बाहेर काढले.

प्यायला मात्र गाळणीतून गाळूनच घ्यावं लागतं, नाहीतर पोटात जंत-जिवाणू जायचे. इतकं सुंदर दिसणारं पाणी, तरीही! आपल्या नळाला कासचं पाणी येतं म्हणून पाहुण्यांपुढे किती मिरवायचो आपण, ते आठवलं. दशम्या आणि ठेचा नेला होता. ऑफिसातल्या कोरियन मैत्रिणीने ठेचा चाटूनपुसून संपवला.

तिथे पांढऱ्या रानबकऱ्या असतात, चांगल्या दांडग्या. त्यांना मिठाची एवढी हाव की माणसांनी लघवी केलेली जागा चाटतात, खुरांनी माती उकरतात. म्हणून झाडोऱ्यात नाही, वाटेपासून लांब उघड्या कातळावर जायचं, असा तिथला दंडक. (बाबा, हे जेवताना मोठ्याने वाचू नका. आई ताटावरून उठेल.) एक बकरी माझी सॅक चाटत होती. पट्ट्यांवरचा घाम, दुसरं काय!

आता खरं सांगायचं ते. उतरताना दगडावरून पाय सटकला. नडगी खरचटली, उजवा गुडघा जरासा मुरगळला. आज सूज उतरली आहे, काळजी नको. पण त्या दोन तासांत तुम्ही शिकवलेलं ‘तिरकं उतर, टाचेवर भार देऊ नकोस’ पाठ म्हटल्यासारखं म्हणत होते. बरोबरच्या मित्राने त्याची काठी दिली. सकाळी मीच त्याला ‘म्हातारा’ म्हणून चिडवलं होतं. संध्याकाळी ती काठी मी सोडेना.

बाबा, तुम्ही अजून पहाटे अंधारात एकटे किल्ल्यावर जाता, आणि उतरताना कठड्याला धरून मध्येच थांबता, हे मला आईने नाही, शेजारच्या काकूंनी सांगितलं. तुम्हीही लपवता, मीही लपवते. तेव्हा फिटंफाट.

तशीच एक काठी घेतली आहे, उंची कमी-जास्त होते. गणपतीला इकडचं एक जोडपं साताऱ्याला येतंय, त्यांच्याबरोबर पाठवते. तुमच्या उंचीचा अंदाज करून खूण केली आहे, चढताना एक भोक कमी, उतरताना एक जास्त. आई, ती ‘नवी आहे, राहू दे’ म्हणून माळ्यावर टाकू नकोस. रविवारी व्हिडिओ कॉल करेन तेव्हा बाबांच्या हातात दिसली पाहिजे.

तुमची,
धाकटी