‘९९ टक्के शुद्ध’ म्हणजे टोचण्याजोगे नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दुखावलेला खांदा ‘आतून भरून काढणारे’ पेप्टाइड म्हणून पुण्यातल्या व्यायामशाळांत थायमोसिन बीटा-४ चे नाव घेतले जाते. हा रेणू खरोखर विलक्षण आहे. म्हणूनच त्याच्या नावावर काहीही खपवले जाणे सलते.

४३ अमिनो आम्लांची ही साखळी शरीरातल्या बहुतेक पेशींत असते. ॲक्टिन या प्रथिनाचे सुटे रेणू एकामागून एक ओवले जाऊन पेशीच्या सांगाड्याचे धागे बनतात. पण मोगऱ्याची सगळी फुले आधीच ओवून टाकली, तर ऐनवेळी गजऱ्याला उरणार काय? थायमोसिनचा एक रेणू ॲक्टिनच्या एका सुट्या रेणूला धरून ठेवतो. कातडी कापली की कडेच्या पेशींना जखमेकडे सरकायचे असते. तेव्हा प्रोफिलिन हे प्रथिन साठ्यातले ॲक्टिन धाग्याच्या वाढत्या टोकाशी पोचवते आणि पेशीचा पातळ पदर पुढे सरकतो. थायमोसिन स्वतः धागे विणत नाही, कच्चा माल राखते. पेशीत ते प्रमाणाबाहेर वाढले तर उलट धागेच कमी होतात.

आता हिशेब पाहा. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट पेशींमध्ये ते सुमारे ५०० मायक्रोमोलर (द्रवात रेणू किती दाट आहेत ते मोजण्याचे एकक) असते. २ मिलिग्रॅम टोचून सगळे ५ लिटर रक्तात मिसळले, तर भरते जेमतेम ०.०८ मायक्रोमोलर, तेही पेशीच्या बाहेर. प्राण्यांवरच्या प्रयोगांत जखमा लवकर भरल्या, हे खरे. मात्र त्यावरून माणसाचा खांदा बरा होतो असे ठरत नाही. शिवाय नव्या रक्तवाहिन्या फुटवण्याचा त्याचा गुण लपलेल्या कर्करोगाच्या गाठीच्याही पथ्यावर पडू शकतो.

थायमोसिनच म्हणून खपणारे ‘टीबी-५००’ हे नाव तर बऱ्याचदा १७ ते २३ क्रमांकांच्या सात अमिनो आम्लांच्या तुकड्याला दिलेले असते. म्हणजे पूर्ण साखळी नव्हेच.

विकल्या जाणाऱ्या कुपीवरचे ‘९९ टक्के शुद्ध’ सहसा एचपीएलसी या, मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या चाचणीचे असतात. त्यातून पेप्टाइडमध्ये दुसरे पेप्टाइड किती मिसळले आहे ते कळते. भुकटीत पाणी व क्षार किती, ती निर्जंतुक आहे का, एंडोटॉक्सिन किती, यांतले काहीच कळत नाही. जिवाणूंच्या आवरणातले हे एंडोटॉक्सिन रक्तात गेले की थंडी वाजून ताप भरतो, जास्त असेल तर रक्तदाब कोसळतो. ०.२२ मायक्रॉनची गाळणी जिवाणू अडवते, एंडोटॉक्सिन नाही. रबरी बूच स्पिरिटने पुसून आतले काही बदलत नाही.

‘फक्त संशोधनासाठी’ असे छापलेली कुपी प्रयोगशाळेतच राहावी. स्पर्धेत उतरणाऱ्या मुलांच्या पालकांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे, की थायमोसिन बीटा-४ आणि टीबी-५०० दोन्ही ‘वाडा’च्या (जागतिक उत्तेजक-विरोधी संस्थेच्या) प्रतिबंधित यादीत आहेत, स्पर्धेच्या काळात आणि एरवीही.

— पेशीजीवशास्त्राचे एक अध्यापक, पुणे